सुपातल्या अळ्या

"उंदीर मेला असेल कुठंतरी," आयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाल्याच्या पाटीत डोकं खुपसलं. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे कान लालबुंद झाले.

सुनेनं पुन्हा वास घेतला. रेशमाच्या अळ्यांची शेड तिची. मागची बॅच रोगानं बसली, तेव्हा नवऱ्यानं निक्षून सांगितलं होतं, की ही शेवटची. कोष झाले नाहीत तर शेड बंद, आणि तू नि पोर माझ्याबरोबर शहरात. आयाबाई मात्र मागं राहणार होत्या, एकट्या. म्हणजे ही बॅच सुनेपेक्षा सासूलाच जास्त हवी होती. आणि त्याच बाईनं आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, आता काय म्हणावं!

त्यांचा जन्म गेला लहान मुलांच्या वॉर्डात, आया म्हणून. जीव आहे तोवर घास भरवायचा, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. सून बजावायची, की जी अळी मऊ पडली, पाला सोडला, तोंडातून पाणी गाळायला लागली, ती थेट ब्लीचिंगच्या बादलीत. जंतूंचा रोग, दयामाया नको. आयाबाई मान डोलवायच्या. मेलेल्या बादलीत टाकायच्या आणि वळवळणाऱ्या पदराआडून खाटेखालच्या सुपात. तिथं कोवळी तुती बारीक चिरून भरवायच्या आणि त्याच हातांनी, न धुता, शेडमधल्या धडधाकट अळ्यांना पाला घालायच्या.

सुनेनं वासाच्या मागानं वाकून खाटेखालचं सूप ओढलं. आत काळ्या पडलेल्या, ओघळलेल्या अळ्या. वास तिथूनच येत होता.

"कधीपासून, आई?"

"बऱ्या होतील वाटलं गं. वॉर्डात हातातून गेलेली पोरंसुद्धा मी..."

"ही पोरं नाहीत, आई."

सून चिडली नाही, हेच आयाबाईंना फार लागलं. खिडकीकडच्या रॅकवरच्या अळ्या अजून नीट खातायत, ती म्हणाली. वाचल्या तर तेवढ्याच. बाकी सगळ्या खड्ड्यात, वर चुना. बोलता बोलता तिनं सुपाला हात घातला.

"राहू दे. माझं मी करते."

आयाबाई बादलीपाशी बसल्या. एकेक उचलून पाण्यात सोडत गेल्या. शेवटची अळी मान वर करून पाला शोधत होती. तिला त्यांनी तळहातावर घेतलं, "जा बाई," म्हणाल्या आणि हात पाण्यात बुडवला.

तो त्यांनी बराच वेळ बाहेर काढला नाही.