बंदरावर अडवलेली बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो. जाड हिरव्या काचेची, लांब मानेची. आज माझ्या पोटात शेंगदाण्याचं तेल आहे आणि मी सारजाबाईंच्या स्वयंपाकघरात उभी असते. पण माझा जन्म तेलासाठी झाला नव्हता. माझ्यात द्राक्षांची वाइन भरली होती. तुम्ही लहान आहात, त्या पेयाशी तुमचं काही काम नाही. माझी हकीकत तेवढी ऐका.

श्रीपूरच्या शिवारात जिकडेतिकडे ऊस उभा असताना सारजाबाईंच्या मालकांनी, मानसिंगरावांनी, रानात वाइनची द्राक्षं लावली. बारीक, बियांची. लोक हसले. "साखर कारखाना दारात आसताना ह्यो गडी काय लावून बसलाय!" म्हणाले. पहिला माल गेला तेव्हा वाइनवाल्यांनी त्याच द्राक्षांची एक बाटली भरून मानसिंगरावांना भेट दिली. ती मी. माझ्यावर छापील लेबल नव्हतं. त्यांचं नाव शाईनं लिहिलेलं होतं. तान्हं मूल दाखवावं तसं त्यांनी मला घरोघरी दाखवलं. "ह्यात आपलं रान हाय," असं ज्याला त्याला सांगितलं.

उघडायला मात्र त्यांचा जीव होईना. लेकीच्या, आरोहीच्या लग्नात उघडू म्हणाले, तर व्याही माळकरी निघाले. मुलगा पृथ्वीराज नोकरीला लागला की उघडू म्हणाले, तर त्याच वर्षी त्यांचा भाऊ वारला. पुढं बागही मोडली. मी पत्र्याच्या घरात कपाटावर पडून राहिले. मित्रांनो, सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी पत्रा तापला की माझा जीव कासावीस व्हायचा. असे किती उन्हाळे गेले! बूच सुकलं, हवा आत शिरली आणि वाइन आंबून गेली. मला कळत होतं. पण बाटलीला कुठली जीभ? मी सांगणार कुणाला?

मग मानसिंगरावांचा आवाज बसला. तो काही केल्या सुटेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल. पुढं श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा. बोलणं जाईल, वासही फारसा कळणार नाही.

पृथ्वीराजनं आईवडिलांबरोबर मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची सहल आधीच ठरवली होती. मानसिंगरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. शस्त्रक्रियेला अवकाश होता, डॉक्टरांनी जाऊ दिलं. निघताना मानसिंगरावांनी मला कपाटावरून काढलं, पुसलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता कशाला ठिवायची? समुद्राकडं बघत पिऊ. नाक हाय तवर."

सारजाबाईंनी सोलापूरच्या नवी पेठेतून आणलेल्या कोऱ्या टॉवेलात मला गुंडाळलं.

बंदरावर तपासणीच्या यंत्रात बॅग थांबली. गणवेशातल्या मुलीनं मला बाहेर काढलं.

"आजोबा, बाहेरची दारू जहाजावर नेता येत नाही. आत विकत मिळते."

"इकतची नगं, बाई. ही माज्या रानातली हाय."

पृथ्वीराजनं शस्त्रक्रियेचं सांगितलं, हात जोडले. मुलगी साहेबांना विचारून आली. तिचा चेहरा पडला होता. "नाही म्हणतात. उतरताना परत मिळेल." तिनं माझ्या मानेला चिठ्ठी बांधली आणि मला जहाजावरच्याच एका बंद खोलीत ठेवलं. तिथं माझ्यासारख्या पुष्कळजणी होत्या. कुणी पाण्याच्या बाटलीचं सोंग घेऊन आलेली, कुणी शांपूच्या.

मानसिंगराव रोज त्या खोलीच्या दाराशी येत. आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. "प्यायची न्हाय, बाई. नुसतं बूच काढून वास घिऊ द्या की." रोज तेच उत्तर मिळे. मला ओरडून सांगावंसं वाटे, मानसिंगराव, परत जा, माझ्यात आता तुमचं रान उरलेलं नाही. त्या मुलीनं मला अडवलं हे बरं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

जहाज परत बंदराला लागलं त्या पहाटेच मानसिंगरावांचा श्वास कोंडला. धक्क्यावरूनच त्यांना मुंबईच्या दवाखान्यात हलवलं आणि तिथंच शस्त्रक्रिया झाली. उतरताना परत मिळालेली मी पृथ्वीराजच्या पिशवीत पडून होते.

घरी आल्यावर मानसिंगरावांच्या नाकात अन्नाची नळी होती, गळ्याला छिद्र होतं. तोंडानं काही घ्यायचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, मग सारजाबाईंकडं, मग ओठांकडं. तू पी आणि सांग.

"मी? आवं, मी जल्मात शिवली न्हाय असल्याला!"

त्यांनी हात जोडले.

पृथ्वीराजनं बूच काढायला घेतलं तर त्याचा भुगाच झाला. घरभर आंबूस भपका सुटला. पोरगा बोलायला तोंड उघडतो तोच सारजाबाईंनी डोळ्यांनी त्याला गप्प केलं. मानसिंगरावांना वास आलाच नव्हता. ते एकटक बायकोकडं बघत होते. तिनं पेला तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी आलं तरी घोट गिळला.

"लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "आपल्या द्राक्षावानीच."

मानसिंगरावांनी अजून एक घे अशी खूण केली. तिनं तोही घोट घेतला. ते आवाज न करता हसले आणि किती तरी दिवसांनी शांत झोपले. मग सारजाबाईंनी मला मोरीत रिकामं केलं, चूळ भरली आणि तिथंच बसून राहिल्या.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, उन्हातून सावलीत ठेवा. पण चांगल्या दिवसाची वाट बघत ती नुसती कपाटावर ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही. ज्या माणसासाठी ती ठेवली आहे, त्याच्या ओठांना ती वेळेत लागू द्या.