हुंकारा

रिकाम्या खुर्च्यांपुढं भाषण करणारा माणूस पाहिलाय का तुम्ही? म्या लई पाहिलाय. पिशोरहून शहरात जीप चालवायचो तवा युनिव्हर्सिटीत काही असलं की त्रिंबकचा फोन यायचा, "पुंजाराम, माणसं आन." कधी व्याख्यान, कधी चित्रांचं प्रदर्शन, कधी लोककलेचा मेळा. पोरं गेटाबाहेर चहा पेत बसायची आन आत खुर्च्या ऐकायच्या. मंग मी शहागंजात बाजाराला निघालेली माणसं आधी तिकडं न्यायचो. बायका इचारायच्या, "पंखा हाये का रे?" हाये म्हणलं की तयार.

त्रिंबक आमच्याच गावचा. धनगराचं पोरगं. चौथीपर्यंत आम्ही एका फळीवर बसलो. म्या तिथंच गाडी थांबवली, त्याची पार प्रोफेसरकीपर्यंत गेली. त्याला शिकवला त्याच्या थोरल्या भावानं, कारभारीनानानं. बाप लवकर गेला, मंग नानानं मेंढरं राखली आन ह्याला बोर्डिंगात घातला. भांडण असं दोघात काही नव्हतं. नुसता वखत नव्हता. नाना म्हणायचा, "एक रात वाड्यावर ये रे." हा म्हणायचा, "पुढच्या महिन्यात, दादा." त्या पुढच्या महिन्याला दाढी फुटली, पिकली.

वाडा म्हंजी तुमचा दगडी वाडा नाय. मेंढरं बसवायची जागा. भवताली जाळी, मधी कळप, कडंला माणूस.

त्रिंबक रिटायर व्हायला आला त्या साली युनिव्हर्सिटीत त्याचं शेवटचं व्याख्यान ठेवलं. दुपारी भाषण, सांजच्याला शाल-नारळ आन जेवण. त्याचा फोन आला. आवाज लई बसलेला. "पुंजा, ह्या टायमाला तरी हॉल रिकामा नको रे. तीस वर्षं भिंतीला शिकवल्यागत झालंय."

म्या म्हणलं, "नानाला आनू का?"

मंग म्हणला, "येतो म्हणला तर आन."

नाना यायला तयार झाला, पण त्याचं त्रिंबकपाशी एक काम होतं. गुडघे गेलते, कळपामागं हिंडणं व्हईना. पोरींची लग्नं झालेली, पोरगा नाय. सगळा कळप भावकीतल्या मुंजाबाच्या हवाली करायचं ठरलं व्हतं, व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. "पण कळप बापाचा हाये," नाना जीपमधी बसता बसता म्हणला, "तो दोघांचा. दोघांचा हात फिरल्याबिगर मी सोडायचा नाय. आज तिंबकाला घेऊनच यायचं. नाय आला तं मंग पुन्यांदा नाय म्हणायचं त्याला."

वच्छलाबाई, नानाची बायको, मागल्या सीटावरून बोलली, "पंधरा डाव हेच म्हणलेत."

"ह्या डावाला शेवटचं."

"ते बी म्हणलेत."

नाना तसा रातभर जागा. एक मेंढी आडली व्हती, पहाटं मोकळी झाली. डोळे लाल. वेरूळचा घाट चढताना झोपंल म्हणून म्या त्याला बोलतं ठेवलं. म्हणलं, "नाना, तिंबक लहानपणी कसा व्हता?"

नाना हसला. "झोपाळू. रातच्याला वाड्यावर राखणीला बसायचं तं मला झोप येऊ नाय म्हणून मी गोष्ट सांगायचो अन हा हुंकारा द्यायचा. बापाची गोष्ट. रझाकाराच्या टायमाला बापानं कळप कन्नडच्या घाटानं खाली खानदेशात नेला, ती. मी त्याच्या खांद्यावर व्हतो. तिंबक तवा जलमला बी नव्हता. पण गोष्ट कधी पुरी झाली नाय बघ. घाटाखाली नाक्यापाशी आलो की ह्याचा हुंकारा बंद."

"मंग?"

"मंग काय? हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानं तिथंच गप व्हायचं. ऐकणारं झोपलं अन आपण पुढं सांगत ऱ्हायलो तं कळप भरकटतो. दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायची. पण दुसऱ्या दिवशी पोराला पुन्हा पहिल्यापून लागायची."

दौलताबादच्या दरवाज्यात ट्रक अडकला व्हता, म्हणून पोचायला उशीर झाला. हॉलात गेलो तं काय, पुढं पांढऱ्या खोळी घातलेले सोफे, त्याच्यावर पाव्हणे. मधी सगळं मोकळं. मागं चार-दोन पोरंपोरी मोबाईलात. आशाबाई म्हणून एक मॅडम सगळं पहात व्हत्या, घामाघूम, बिचाऱ्या. आम्हाला पाहून त्यांच्या जिवात जीव आला. "या, या, पुढं बसा." नानाला थेट दुसऱ्या रांगेत बसवलं. नानानं वहाणा काढून मांडीवर घेतल्या.

त्रिंबक उभा ऱ्हायला. अंगावर नवा कोट, तोंड मात्र जुनं. कागद काढला आन वाचाय लागला. इषय व्हता मेंढपाळांचं फिरणं, निजामाच्या राज्यातला चराईचा कर, खानदेशची हद्द. मला त्यातलं अर्धं कळलं. आवाज असा, जसं कुणी रेशनच्या दुकानात नावं पुकारतंय. पाव्हण्यातला एक डोळे मिटून इचार करत व्हता. घोरत बी व्हता.

मंग त्रिंबक वाचत वाचत म्हणला, "त्या साली माझे वडील कळप घेऊन निघाले."

आन दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "हूं."

पहिल्यांदा कुणाला कळलं नाय. त्रिंबकनं कागदावरून वर पाहिलं.

"सोबत आठ वर्षांचा मोठा मुलगा होता."

"हूं."

मागं पोरं फिसकन हसली. एक जण तिकडून, "हूं हूं!" आशाबाई वाकून आल्या, हळूच म्हणल्या, "आजोबा, शांत बसा ना. भाषण चालू आहे."

"म्हणूनच तं," नाना म्हणला. त्याला हळू बोलताच येत नाय. "हुंकारा नाय दिला तं त्यानं सांगायचं कुणाला, बाई?"

वच्छलाबाईनं त्याच्या धोतराला हिसका दिला. "गप बसा की. इज्जत घालवता का पोराची?"

नाना गप झाला. वहाणा घट्ट धरल्या. म्या मनात म्हणलं, मेलो. आता तिंबक तिकडं लाजंनं अर्धा व्हईल, आन आपल्या गाडीत काही बसायचा नाय.

त्रिंबकनं पुढची ओळ वाचली. थांबला. दुसरी वाचली. पुन्हा थांबला. जसं जात्याचा खुंटा हातातून निसटावा तसं चाललं व्हतं त्याचं. मंग त्यानं चष्मा काढला. "मॅडम," माईकात म्हणला, "त्यांना देऊ द्या. दादा, दे."

आन कागद घडी करून खिशात.

"आमच्या बानं मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरात लोकर कोंबली."

"हूं."

"एक बी वाजता कामा नये. म्होरक्या बकऱ्याचं तोंड फडक्यानं बांधलं."

"हूं."

"बरं, अंधार असा का आपला हात आपल्याला दिसंना. दादा खांद्यावर. बा म्हणतो, पोरा, खोकला आला तं माझं मुंडासं चाव."

"चावलं व्हतं," नाना म्हणला. "हूं."

आता हसलं कुणी नाय. मागली पोरं मोबाईल ठिवून पुढं सरकली. त्या हसणाऱ्या पोरानंच एक हूं दिला, ह्या टायमाला खराखुरा. इतक्या वर्षांत म्या त्रिंबकला असा बोलताना पाहिला नव्हता. हात हालत व्हते. कोटाचं बटन कधी सोडलं त्याचं त्याला कळलं नाय. घाटातली वळणं आली, दगड निसटला, कुणी तरी बॅटरी मारली, समदं आलं. आन दर वाक्यामागं नानाचा हूं, जशी विहिरीवर मोट चालावी.

"घाट उतरला. खाली नाका. नाक्यावर शेकोटी, दोन शिपाई."

"हूं."

"आन नेमकं तवाच एका कोकराला आई सापडंना."

"...हूं."

"त्यानं तोंड उघडलं."

काही नाय आलं.

त्रिंबक थांबला. सगळा हॉल थांबला. म्या वाकून पाहिलं तं नानाची मान वच्छलाबाईच्या खांद्यावर. तोंड उघडं. रातभराची जाग, वरून पंखा.

आशाबाई हळूच म्हणल्या, "सर... पुढं?"

"पुढचं उद्या," त्रिंबक म्हणला.

"उद्या कार्यक्रम नाही, सर."

"मला ठाव हाये," म्हणला आन खाली उतरला. कुणी तरी टाळी सुरू केली, पण नाना उठंल म्हणून मागल्या पोरीनं टाळी वाजवणाऱ्याचा हात धरला.

बाहीर झाडाखाली नाना पार पडलेल्या तोंडानं बसला. "मी झोपलो व्हय रे? भर सभेत? पाव्हण्यासमोर?"

"दादा, माझ्या भाषणात रोजच झोपतात," त्रिंबक म्हणला. "पण आधी हुंकारा देऊन झोपलेला तू पहिला."

नाना हसला नाय. उठायला लागला, गुडघ्यानं दोन डाव खाली बसवला. "पुंजाराम, काढ गाडी. त्याचा सांजच्याला सत्कार हाये. कळपाचं... जाऊ दे. मुंजाबाला काय, एकाच हातानं दिऊ."

पंधरा डाव बोलावलेलं, पण सोळाव्या डावाला वाड्यावर चल असं त्यानं म्हणलंच नाय. तेच मला लागलं. दमला व्हता माणूस. मागून मागून दमला व्हता.

नाना जीपमधी बसला तोच आशाबाई शालीचं खोकं घेऊन धावत आल्या. "सर, जेवणाला पाहुणे थांबलेत."

"पाव्हण्यांना जेवू घाला, मॅडम. त्यांनी लई ऐकलंय," त्रिंबक म्हणला. आन कोट काढून जीपच्या मागल्या सीटावर टाकला, नानाच्या शेजारी घुसला. "सरक, दादा."

नानानं त्याच्याकडं पाहिलं. "कुठं निघाला?"

"गोष्ट घाटाखाली ऱ्हायलीय ना."

वच्छलाबाई म्हणली, "बघा, पंधरा डाव बोलावलं तं आला नाय, झोपले तं आला. आधीच झोपायचं व्हतं."

दोघं भाऊ एकमेकावर डोकं टाकून पिशोरपर्यंत झोपले. दिवस बुडता वाड्यावर पोचलो. त्रिंबक बुटासकट कळपात शिरला, लेंड्यातून. म्होरक्या बकऱ्यानं त्याचा हात हुंगला, नापसंत केला. नाना म्हणला, "शहराचा वास येतोय तुझा." भाकरी खाल्ली आन पुन्हा सांगू म्हणेस्तवर तिघं बी आडवे. मी बी. गोष्ट घाटाखालीच.

सकाळी मुंजाबा आला. दोघा भावांनी बकऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, एक काळा, एक गोरा, दोन्ही सुरकुतलेले. मंग नानानं जाळीचा खुंटा उपटला. कळप निघाला. कोकरं वरडत गेली. लांबवर धूळ दिसली, मंग धूळ बी खाली बसली.

रिकाम्या वाड्यात नुसत्या लेंड्या आन खुरांचे वण. मी जीपची चावी वाजवली, "चलायचं का, तिंबक?"

त्यानं ऐकलं नाय. नाना तिथंच मातीत बसला व्हता, भुईवर हात टेकून. त्रिंबक त्याच्या बाजूला बसला.

नाना म्हणला, "सांग आता पुढं. आता भरकटायला काही ऱ्हायलं नाय."

"कोकरानं तोंड उघडलं," त्रिंबक म्हणला.

नाना कळप गेला तिकडंच पहात व्हता. लई येळानं म्हणला, "हूं."

म्या चावी खिशात घातली आन खाली बसलो.