नाथामामांनी जपलेलं पान

आंबिवलीला नाथामामांच्या ओट्यावर देवेशला पाणीसुद्धा विचारलं गेलं नाही. भाच्याला पाणी न विचारणं म्हणजे आगरी घरात युद्धाची घोषणाच, आणि देवेश मानपाड्याहून चांगला तहानलेला आलेला.

"वाच," मामांनी फोन नाकासमोर धरला.

बहिणीच्या, म्हणजे निशिगंधाच्या लग्नाची वेबसाइट देवेशनेच बनवलेली. छापील पत्रिकेऐवजी लिंक. मान पहिला मामाचा, म्हणून लिंकही पहिली मामांनाच गेली. नेमका तेव्हाच निशिगंधाचे भलेमोठे फोटो उचलता उचलता सर्व्हर कोलमडला आणि मामांच्या फोनवर पान उमटलं : 'आत्ता जमणार नाही. नंतर या.' एररसुद्धा मराठीतच हवा, हा हट्ट देवेशचाच.

"सगल्या भावकीला नवरा-नवरी दिसतात. मनाच 'नंतर या'? लग्न लागल्यावर येऊ कं?"

"मामा, ते सर्व्हर बोललेला, मी नाही. जरा वेळ बंद पडलेला. लगेच चालू केला."

"मंग मना अजून कसा हाकलतोय?"

"तुमच्या फोनने जुनं पान साठवून ठेवलंय. कॅशे म्हणतात त्याला. सारखा सारखा सर्व्हरला त्रास नको, म्हणून मीच सांगून ठेवलेलं, मिळेल ते पान आठवडाभर जपून ठेव. त्याने चूकपण जपली. ज्यांना लिंक उशिरा गेली, त्यांना चांगलं पान मिळालं."

"म्हंजे मान पहिला, म्हणून अपमान पहिला."

तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं.

"द्या इकडे, पुसून टाकतो. आत्ता नवीन पान येईल."

मामांनी फोन बनियनमध्ये सरकवला. "हात लावून तर बघ. पुरावा हाय तो."

हळद उद्यावर आलेली. निशिगंधाला हाताला धरून मांडवात आणायचं ते मामानेच. मामाच नसेल तर भटजी तरी काय करणार? देवेशने मुकाट आईला फोन लावला.

आई, गोदा, आली ती हातात नारळ-अक्षता घेऊन आणि तोंडात त्याहून जड ऐवज घेऊन. "या कार्ट्याला सांगत होते, आधी माझ्या भावाच्या दारात अक्षता, मग तुझं ते लिंकफिंक! आणि तू रं नाथा? फोनवर रुसतोस? मी मेले होते कं?"

"मंग आधी तूच का नाय आलीस?"

यावर गोदा आणखी मोठ्याने ओरडली. शेजारचे लोक ओट्याओट्यावर येऊन बसले. ती थकल्यावर मामांनी तिच्याकडे न बघता अक्षता घेतल्या.

"येतो. पोरीसाठी. तुमच्यासाठी नाय."

"मग आता फोन द्या," देवेश म्हणाला.

"आत्ता जमणार नाय. नंतर ये."

लग्नात मामांनी एका हाताने भाचीला धरून मांडवात आणलं. दुसऱ्या हाताने ते व्याह्यांना फोनवरचं 'नंतर या' दाखवत होते. आठवडा अजून भरला नव्हता.