जांभळ्या पाण्यातला रोग

भूमच्या आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगांपेक्षा जास्त गर्दी मुक्तानंद महाराजाच्या मांडवात होती. स्टुलावर काचेचा पेला, पेल्यात जांभळं पाणी. रोग्यानं त्यात बोट बुडवायचं, महाराजानं चिमूटभर पांढरी विभूती टाकायची, की पाणी क्षणात नितळ. रोग उतरला, आता गोळ्या-सुया बंद, असा निकाल हा महापुरुष लगेच देऊन टाकायचा. बोट बुडवण्याआधीच पाणी जांभळं कसं, असं एकानं विचारलं, तर म्हणे, देवानं विष आधीच ओढून ठेवलंय. देवसुद्धा याच्या हाताखाली कामाला होता.

वर्षाराणी तिथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या सासूबाई, नागूबाई, या मांडवातून परतल्या आणि त्यांनी इन्शुलिन सोडलं. तिसऱ्या दिवशी त्या गोठ्यात कोसळल्या. दवाखान्यात शुद्ध आली तरी त्यांचं पालुपद एकच, पाणी साफ झालेलं म्या डोळ्यांनी पाह्यलंय. वर्षाराणीला राग महाराजाचा येत होता आणि स्वतःचाही. घरातली सुई तीन दिवस पडून राहिली, अन् तिला पत्ता नव्हता.

दवाखान्यातून घरी आणल्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन मांडवात गेली. पाणी पाहताच तिनं रंग ओळखला. बारावीच्या प्रॅक्टिकलला दरसाल तोच असतो. ती समोरच्या मेडिकलमधून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन आली, कागदात चुरडल्या आणि पुडी सासूबाईंच्या हातात दिली.

"आत्या, ह्या पेल्यात अजून कुणी बोट घातलेलं नाही. हे तुम्हीच टाका."

महाराजानं पेल्यावर हात धरला. रोग्यावाचून शक्ती जागी होत नाही, असं काहीतरी तो बडबडला. नागूबाईंनी त्याचा हात बाजूला सारला आणि पुडी उपडी केली. जांभळा रंग बघता बघता विरला. मागची माणसं पेला बघायला पुढं सरकली.

वर्षाराणीनं मग लोकांना सांगितलं. विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, पाण्यात कालवलेली आहे. तिच्यातल्या मँगनीजच्या प्रत्येक अणूभोवती चार ऑक्सिजन असतात, आणि ही चौकडी दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला टपलेली असते. क जीवनसत्त्व ते सहज देतं. इलेक्ट्रॉन मिळाले की मँगनीज ऑक्सिजनची साथ सोडतं आणि रंग जातो. विभूतीतही असंच काहीतरी आंबट आहे, हवं तर चाखून बघा.

एकानं चाखली आणि तोंड वाकडं केलं. तोवर अंतर्ज्ञानी महाराज मांडवामागून निघून परंड्याच्या एसटीत बसलेही होते.

नागूबाई पेल्याकडंच बघत होत्या. "मग माझा रोग कुठं गेला व्हता?"

"कुठंच नाही, आत्या. तुमच्या रक्तातच होता."

पाणी नितळ झालं, हे खरंच आहे. डोळे खोटं बोलले नाहीत. त्याचा अर्थ सांगणारा खोटं बोलला. जे घडलं ते पेल्यात घडलं, माणसात नाही. रोग गेला का, हे पेल्याला विचारू नका. रक्त तपासून घ्या.