देवांसकट वजन

"पोऱ्याच्या अंगावर देवाचं काही बांधलंस की आपल्या हाताने काढून टाकायचं नाही. तुटेल तेव्हा आपोआप तुटेल." वारण्याआधी माझ्या सासूबाईंनी, बुधीबाईंनी, मला एवढंच बजावलं होतं. मुकेश तेव्हा सहा महिन्यांचा होता आणि त्याच्या कमरेला नुसता काळा दोरा होता.

मी नेमधर्म पाळणारी बाई. मुकेशला ताप आला, जुलाब झाले, की मी एक नवा नेम धरायचे आणि त्याची खूण म्हणून त्याच्या गळ्यात काहीतरी ओवायचे. तांब्याचं नाणं, पितळी घंटा, किल्ली हरवलेलं कुलूप, महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेला टाक. वरोरहून तलासरीच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन येणाऱ्या भिकीमावशीने एकदा जाळ्याच्या कडेला बांधतात ती शिशाची गोळी दिली. जाळं कसं तळ धरून राहतं, तसा पोऱ्याचा जीव धरून राहील, म्हणाली. मला पटलं. पुढच्या बाजारी मी आणखी सहा मागून घेतल्या.

अंगणवाडीत महिन्यातून एकदा वजनं होतात. काटा आढ्याला टांगलेला, खाली झोळी, झोळीत पोर. जमनाताई सगळ्या पोरांचे कपडे उतरवायला लावायच्या, पण मुकेशपाशी आल्या की हात मागे घ्यायच्या. देवाला हात कसा लावायचा, आणि देवाचं असून असून वजन किती असणार, असं म्हणून तसंच तोलायच्या. पावसाळ्यात बाकीच्या पोरांची तक्त्यावरची रेघ खाली उतरली. मुकेशची चांगल्या वजनाच्या हिरव्या पट्ट्यातून वर वर जात राहिली.

दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात तालुक्याला सुदृढ बालक स्पर्धा झाली. तिथे डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास. मुकेशचा पहिला नंबर आला. साहेबांनी त्याच्या गळ्यात पदक घातलं, तशी त्याची मान पुढे झुकली ती वर येईना. लाजतोय, साहेब म्हणाले. मग यशाचं रहस्य सांगायला माइक माझ्या हातात दिला. मी हळू बोलते, म्हणून सगळ्या बाया कान देऊन बसल्या.

"श्रद्धा," मी म्हणाले. "आणि शिसं."

महिनाभरात आमच्या पाड्यातली आणखी अकरा पोरं हिरव्या पट्ट्यात आली. भिकीमावशी कुरकुरू लागली की गोळ्या देऊन देऊन घरधन्याचं जाळं पाण्यावर तरंगतं आणि मासळी त्याच्याखालून आरामात ये-जा करते. पाडा बघायला जीपगाडीतून माणसं आली. पोरं ओळीने बसवली होती, एकही उठून पळालं नाही. इथली बालकं फार शिस्तीची आहेत, असा शेरा मारून ती गेली.

मुकेश दोन वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता. अंगाने भारी आहे, उशिरा चालेल, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. एका सकाळी अंघोळ घालताना त्याला पुढे वाकवलं, तर माळ घसरून माझ्या मनगटावर आली आणि हातावरचं पोर एकदम हलकं झालं, रिकाम्या टोपलीसारखं. मी माळ पुन्हा त्याच्या छातीवर ठेवून पाहिली. पुन्हा उचलली. मग ओल्या अंगानेच त्याला पदरात गुंडाळलं आणि माझ्या नवऱ्याला, नविनला, गाडी काढायला सांगितली.

दवाखान्यातली डॉक्टरबाई वयाने लहान होती. माळ काढा म्हणाली. मी सासूबाईंचं बोलणं सांगितलं. ती वाद घालील असं वाटलं होतं, पण तिने आधी मलाच काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि म्हणाली, "काढून टाकू नका. त्याच्या गळ्यातून तुमच्या गळ्यात घ्या."

यात सासूबाईंचा शब्द मोडत नव्हता. सगळे देव माझ्या गळ्यात आले. तिने मला पुन्हा तोललं, मग मुकेशला. केसपेपरवर तिने लिहिलं: बालक आठ किलो शंभर, देव दोन किलो तीनशे. लिहून होताच माळेतल्या शिशाच्या गोळ्या सोडवून घेतल्या. त्या देवाच्या नाहीत, जाळ्याच्या आहेत, आणि पोरं त्या तोंडात घालतात, विष असतं ते, म्हणाली.

मग खायला काय देता, असं विचारलं. मी सांगितलं. प्रत्येक नेमाला काहीतरी सोडावं लागतं, आणि नेम त्याच्यासाठी, म्हणून सोडायचं तेही त्याच्याच नावावर. सोमवारी अंडं नाही, मंगळवारी तेल नाही, बुधवारी डाळ, गुरुवारी केळं, शुक्रवारी मीठ, शनिवारी मासळी. रविवारी सगळं चालतं, पण रविवारी आमचा बाजार, घरी यायला उशीर होतो.

डॉक्टरबाईने पेन खाली ठेवलं. "नेम कोणी धरले?"

"मी."

"मग उपाशी तो का?"

मी मान खाली घातली. वजनानेही ती खालीच होती.

अशी आणखी किती पोरं, तिने विचारलं. अकरा, मी म्हणाले. जमनाताईंना ती कळवणारच होती, पण तेवढ्याने भागणार नाही म्हणाली. "माझं त्या पोरांच्या आया ऐकणार नाहीत. ज्या बाईने माइकवरून सांगितलं, तिने घरोघरी जाऊन उलटं सांगायला हवं. माझं चुकलं, असं म्हणून."

सांगेन, मी म्हणाले.

मुकेशला भरती करून घेतलं, आम्ही वॉर्डात राहिलो. त्याचे सहाही वार मी माझ्या अंगावर घेतले, देवीला तसं सांगितलं. पहिल्या सोमवारी मुकेशने अर्धं अंडं खाल्लं आणि उरलेलं शेजारच्या खाटेवर फेकलं. आठव्या दिवशी आठ किलो चारशे भरला. त्याच संध्याकाळी खाटेचा दांडा धरून उभा राहिला आणि ओरडून सगळ्या वॉर्डाला दाखवलं.

नवव्या दिवशी नविनला त्याच्यापाशी बसवलं. पेज कधी, अंडं कधी, दोनदा समजावलं. एसटीने तलासरीला आले, तिथून पाड्याची वाट धरली. पहिलं घर हिरीचं. तिची पोरगी ओट्यावर बसलेली दिसली, गळ्यात नऊ गोळ्या. मी चपला काढल्या आणि हिरीला हळूच हाक मारली.