गुळाची तुला

सीमेवर युद्ध पेटलं आणि शेलार गावात सगळ्यात आधी उगवले ते केसरीनाथचे बॅनर. तळाला सैनिक मुंगीएवढे, वर केसरीनाथ हाताची घडी घालून. जणू तोफा ह्याच्याच अंगणातून सुटत होत्या! येत्या निवडणुकीत त्याला तिकीट हवं होतं. बाळाराम गोडाउनला जाताना बॅनर बघायचा आणि मनातल्या मनात चार शिव्या हासडायचा. मोठ्याने हासडायची सोय नव्हती. त्या दिवसांत पुढाऱ्याला नावं ठेवणं म्हणजे देशाला नावं ठेवणं झालं होतं, आणि बाळारामचा एकुलता एक हरेश तिकडे बंकरमध्ये होता.

हरेशचा फोन लागेना. त्याची आई, आक्का, अन्नाला शिवेना. टीव्हीवर मंत्री छातीठोक सांगत होते, आपलं काहीच नुकसान नाही.

"काईच नुसकान न्हाय, तर माझा पोर फोन का उचलत न्हाय?" बाळाराम टीव्हीलाच विचारायचा.

गुरुवारी केसरीनाथ फोटोवाल्याला घेऊन दारात हजर झाला. "वहिनी, दिल्लीला फोन लावला. हरेशशी मी सोता बोललो. पोर ठनठनीत हाय."

आक्का त्याच्या पाया पडली, वयाने मोठी असून. त्याने पडू दिलं. फोटो निघत होता ना!

बाळारामला काही पटलं नाही. आईला न लागणारा फोन ह्याला बरा लागतो! पण ओठावर आलेलं त्याने गिळलं, कारण आक्का आत जाऊन भाकरी खात होती. उभ्या उभ्याच, कोरडी.

दुसऱ्या दिवशी तिने नवस फेडायचा हट्ट धरला. हरेश सुखरूप आला की वज्रेश्वरीला देवीपुढे त्याची गुळाची तुला करीन, असं ती बोलली होती.

"पोर येऊ दे गो," बाळाराम म्हणाला. "तो पारड्यात बसल्याबिगर तुला कशी व्हनार?"

"केसरीनाथ काय खोटा बोलल? देवीला ताटकळत ठेवायची न्हाय."

शेवटी एका पारड्यात हरेशची पत्र्याची पेटी आणि अंथरूण ठेवलं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. प्रसाद गावभर वाटला. केसरीनाथनेही दोन खडे तोंडात टाकले.

रविवारी हरेश आला. तिरंग्यात गुंडाळून.

आक्का रडली नाही. एकच बोलत राहिली, "मीच मारला त्याला. पोराच्या जागी पेटी तोलली. देवीला फसवली मी." बायका समजावून थकल्या. ती पाण्याचा घोटही घेईना.

हरेशला घेऊन आलेल्या सुभेदाराला बाळारामने बाजूला नेऊन विचारलं, कसं झालं.

"मंगल की सुबह ही चले गए थे, बाबूजी. बंकर ढह गया था. निकालने में टाइम लगा."

बाळारामने बोटांवर वार मोजले. मंगळवारी गेलेल्या पोराशी केसरीनाथ गुरुवारी बोलला होता.

अंत्यदर्शनाच्या मांडवात केसरीनाथने माइक धरला होता. "हरेशचा शेवटचा फोन मला आला. म्हणाला, भाऊ, मरण आलं तरी मागे हटणार नाही!" लोकांनी घोषणा दिल्या. बाळारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका भाकरीसाठी तो त्या दिवशी गप्प बसला होता. आता त्या गप्प बसण्यापायी आक्का झुरून मरणार होती.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला. "ऐक गो! तुझ्या नवसानं न्हाय गेला तो. मंगलवारीच गेला व्हता. हा केसरीनाथ खोटा बोलला. फोन झालाच न्हाय कवा!"

घोषणा थांबल्या. केसरीनाथने माइक बंद केला, आक्काजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमी जेवत नव्हता. तुमाला धीर यावा म्हनून बोललो."

आक्काने मान वर केली. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मग आता बी बोल ना," ती म्हणाली. "त्या दिवशी बोललास तसाच बोल. पोर ठनठनीत हाय, असा बोल."

केसरीनाथ हात सोडवू लागला. ती सोडेना.