झाकणावरचे तुळशीचे पान

“वडील रामदास, आजोबा आपले तात्या, पणजे भिकाजीपंत.” कमळाबाईंनी शरच्चंद्राच्या तीन पिढ्या बोटांवर मोजल्या आणि मांडीवरची कादंबरी मिटली. “आणि ह्या तुझ्या नायकाचा बाप कोण, ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.”

त्यांची नात शैला गवार मोडत होती. “आजी, ती पहिल्या प्रेमाची गोष्ट आहे. त्यात बाप कशाला हवा?”

“बाप नको, भूकही नको? एवढ्या पुस्तकात दोघं एकदाही जेवली नाहीत. चांदण्यात उभी राहून रडतात नुसती. तिची आई अंथरुणाला खिळली, तर हा कविता करत बसला. औषध आणायला कोण गेलं?”

शैलाला हसू आले, पण टिकले नाही. आजीने आपणहून कादंबरी वाचायला मागितली, तेव्हा तिला वाटले होते, आता तरी आपले मन हिला समजेल. समोरच्या खोलीतल्या शरच्चंद्राने तात्यांमार्फत तिला मागणी घातली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्याला पकडून महिना होत आला होता. उद्या तात्या तुरुंगात त्याच्या भेटीला जाणार होते, आणि शैलाचे उत्तर त्यांना न्यायचे होते.

“सत्याग्रहाला निघाला तेव्हा जिन्यात भेटला होता,” शैला खाली पाहत म्हणाली. “मला वाटलं, काही बोलेल. तर म्हणाला, तात्यांच्या पाण्याकडे जरा बघ. आणि गेला. असं कोणी बोलतं का?”

“मग बघितलंस?”

महिनाभर तात्या एकटेच कळशी सावरत नळावर जात होते, हे साऱ्या गिरगावला नसले तरी या मजल्याला ठाऊक होते.

कमळाबाईंनी गवारीचे ताट स्वतःकडे ओढले आणि त्याही शेंगा मोडू लागल्या.

“प्लेगच्या साली मी परकर नेसत होते,” त्या म्हणाल्या. “आई तापाने पडली. आमच्या दारावरून जायला माणसं भीत. नळापाशी मला कोणी उभी करीना. पण पहाटे दार उघडावं, तर भरलेला हंडा उंबऱ्याशी. वर झाकण, झाकणावर तुळशीचं पान. आई उठून बसेपर्यंत त्यात खंड पडला नाही.”

“कोण ठेवायचं?”

“चाळीत तुळस तेव्हा एकाच दारात होती.”

शैलाने मान वर केली. समोर तात्यांच्या दारात जुनी कुंडी होती.

“कधी बोलली नाहीस त्यांच्याशी?”

“काय बोलायचं? पुढच्याच वर्षी याच चाळीत लग्न झालं माझं.” कमळाबाईंनी ताट उचलले. “पुस्तक परत करून ये.”

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आले, तेव्हा कमळाबाई कळशी घेऊन बाहेर पडल्या. सून घरात आल्यापासून त्या नळाची पायरी चढल्या नव्हत्या. बायका मुकाट्याने बाजूला झाल्या. नळाखाली तात्यांचा हंडा होता, आणि पदर खोचून शैला त्याच्यापाशी उभी होती.

दोघी एकामागोमाग तात्यांच्या दाराशी आल्या. तात्या टोपी घालून निघायच्या तयारीत होते.

“पोरी, काय सांगू त्याला?”

शैलाने हंडा उतरवला. “म्हणावं, पाण्याकडे मी बघतेय.” ती थांबली. “तो सुटून आल्यावरही बघेन.”

तात्यांनी मान हलवली. तेवढ्यात कमळाबाईंनी आपली कळशी उंबऱ्याशी ठेवली, तिच्यावर झाकण घातले आणि पदराची गाठ सोडून तुळशीचे पान त्यावर ठेवले.

म्हातारा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. मग वाकून त्याने ते उचलले आणि टोपीच्या घडीत जपून खोवले.

“कमळे,” तो म्हणाला. लग्नानंतर या चाळीत त्यांना या नावाने कोणी हाक मारली नव्हती. “फिटलं गं सगळं.”